चालत्या गाडीचा रोल

आमच्या घरी फोटो म्हणजे उभं राहायची शिक्षा होती. आई-बाबांनी लग्नानंतर इतवारीतल्या एका स्टुडिओत काढून घेतलेला एकुलता एक फोटो भिंतीवर होता. त्यात दोघं असे उभे, की चोरी कबूल करायला आणलंय असं वाटावं. बाबांची मान ताठ, आईची नजर जमिनीत. फोटोवाल्यानं बाबांना बजावलं होतं, हलायचं नाही. आणि बाबांना एकदा सांगितलेली गोष्ट म्हणजे दगडावरची रेघ.

बाबा छोट्या लाईनचे ड्रायव्हर होते. इतवारीहून सावनेर, तिथून पुढे छिंदवाड्याकडे जाणारी ती वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी. सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगतेय. लोक म्हणत, डब्यातून उतरून वावरातली चार संत्री तोडावी आणि परत त्याच डब्यात चढून बसावं, इतकी तिची चाल. बाबांसमोर मात्र हे बोलायची सोय नव्हती. त्यांच्या लेखी ती गाडी म्हणजे गाडी, आणि वेळ म्हणजे वेळ. लग्नकार्यातसुद्धा ते पंगतीला उशीर झाला की उठून निघून जात.

घरी बाबा बोलत नसत. बोलत नसत म्हणजे काय, ‘हं’ म्हणत. आई विचारायची, "कशी गेली ड्यूटी?" "हं." "भूक लागली असन?" "हं." मग ते जेवायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. आई त्यांच्या पायाला तेल लावायची. सदऱ्याला निखाऱ्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं रफू करताना ती स्वतःशीच चुकचुकायची. तिला वाटे, माणूस तिथं आगीपुढं रोज भाजून निघतोय. त्यामुळे बाबा कितीही घुम्यासारखे वागले तरी ती आम्हाला गप्प करायची. "चूप बसा वं. दमून आले ते."

आणि या बाईनं बाबांना गाडी चालवताना कधी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे, म्हणजे लाईनीजवळच्या सगळ्या ड्रायव्हरांच्या घरी, एक रीत होती. नवरा ड्यूटीवर निघाला की बायकोनं दाराशी उभं राहून त्याची पाठ पाहायची नाही, आणि स्टेशनवर तर पाऊलच टाकायचं नाही. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी एकदा आईला म्हटलं की हा निव्वळ खुळेपणा आहे. तिनं मला लाटणं दाखवलं. डबा हातात देऊन ती जी आत वळायची, ती गाडीची शिटी ऐकू येईपर्यंत बाहेर यायची नाही. शिटी मात्र तिला ओळखू यायची. "हे निघाले," म्हणायची आणि कामाला लागायची.

बाबांच्या निवृत्तीचा महिना आला तेव्हा आई एक दिवस मटार सोलता सोलता म्हणाली, "या माणसानं जिंदगीभर गाडी चालवली, अन् मी त्याले चालवताना पाह्यलंच नाही. आता तर दिसणारही नाही."

"मग शेवटल्या दिवशी चल ना," मी म्हटलं. "मी नेते तुला."

"नको वं बाई. इतकं सांभाळलं, आता शेवटल्या दिवशी काहून मोडू?" तिनं आणखी एक शेंग फोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फोटो निघत नाही का गं चालत्या गाडीचा? मले फक्त तिथं त्याहीचं तोंड कसं असते, तेवढं पाहायचं आहे."

आईनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला कशाचंही काहीही करता येतं असा माझा समज होता. मी म्हटलं, निघतो. न निघायला काय झालं?

कॅमेरा ताईच्या नवऱ्याकडे, म्हणजे भाऊजींकडे होता. खिशात मावेल एवढा छोटा. त्याच्यावर सूर्य आणि ढग अशी चित्रं कोरलेली होती. तो मागायचा म्हणजे भाऊजींचं व्याख्यान ऐकायचं. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात. आमचा ग्रह तर कॅमेरा गळ्यात घालूनच जन्मला होता. ते म्हणाले, कॅमेरा देतो, पण मीही येणार, आणि रोल माझ्या पसंतीचा. रंगीत!

त्या रोलवरून घरात जे झालं, ते ताईच्या लग्नाच्या याद्यांच्या वेळीही झालं नव्हतं. भाऊजी म्हणत, आजच्या जमान्यात काळापांढरा रोल घालणं म्हणजे मागासलेपणा. मी म्हटलं, इंजिन काळं, कोळसा काळा, धूर काळा आणि त्या सगळ्यात बाबा काळे. रंग आणायचा कुठून? भाऊजी म्हणाले, झेंडूचा हार असेल ना इंजिनाला, तो पिवळा येईल. ताई म्हणाली, रंगीत रोल धुवायला मुंबईला पाठवावा लागतो, तो येईपर्यंत बाबांना पेन्शन सुरू होईल. त्यावर भाऊजी जे रुसले, ते आईनं शिरा केल्याशिवाय बोलले नाहीत.

शेवटी मी आणि भाऊजी बर्डीच्या बाजारात फोटोच्या दुकानात गेलो. दुकानदार गल्ल्यामागे पान चघळत बसला होता. रोल म्हटल्यावर त्यानं मान वर न करता विचारलं, "लगीन का बारसं?"

"रेल्वे," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. त्याचा हिशेब सरळ होता. लग्न असेल तर छत्तीस फोटोंचा रोल, बारसं असेल तर वीसचा, सहलीला पोरं घेऊन गेलात तर बाराचा पुरे, कारण पुढं ऊन लागून सगळे झोपतात. रेल्वे त्याच्या यादीत नव्हती. तो म्हणाला, "टेसनावर काढू नका हो, पकडून नेतीन."

मी त्याला समजावलं, की स्टेशनवर नाही, पाटणसावंगीच्या अलीकडे वावरांमध्ये एक वळण आहे, तिथं गाडी येताना काढायचाय. थंडीचे दिवस, दुपार कललेली, उजेड कमी, आणि गाडी चालती.

"चालती?" त्यानं पान गालात सरकवलं. "मग रंगीत कशाले घेता? त्याले ऊन लागते. चालत्या गाडीचा सारा रंग फासल्यासारखा होऊन जाईन. चारशे नंबरचा घ्या. काळापांढरा. तो लवकर पकडते."

भाऊजी म्हणाले, की शंभरचा रोल जास्त चांगला, त्याला दाणे कमी दिसतात, हे त्यांनी एका मासिकात वाचलंय. दुकानदार म्हणाला, की दाणे दिसतीन पण माणूस बी दिसन. भाऊजी म्हणाले, रंगीतच घ्या, होईल ते होईल. उंटावरचे शहाणे ते हेच. मला इतका राग आला, की मी तिथंच काउंटरवर हात आपटला आणि म्हटलं, "भाऊजी, आईला हार पाहायचा नाही. तिला बाबांचं तोंड पाहायचंय. झेंडू ती रोज देवाला वाहते."

भाऊजींना ही आईची गोष्ट ठाऊक नव्हती. मग त्यांनीच खिशात हात घातला आणि म्हणाले, "चारशेचा द्या. छत्तीसवाला." आणि बाहेर पडल्यावर मला रसही पाजला. माणूस वाईट नव्हता, नुसता शहाणा होता.

आदल्या दिवशी मी बाबांना नीट समजावून सांगितलं. त्या वळणावर मी उभी असेन. तुम्ही माझ्याकडे पाहायचं नाही. काही करायचं नाही. रोज जशी चालवता तशी गाडी चालवत राहायची. कळलं?

"हं," बाबा म्हणाले.

बाबांच्या शेवटच्या ड्यूटीच्या दिवशी मी आणि भाऊजी एसटीनं गेलो. वळणाशी कपाशीचं वावर होतं आणि पलीकडं संत्र्याची बाग. भाऊजींनी जागा तीनदा बदलली. इथून धूर येईल, तिथून तारा येतील, असं करत करत शेवटी जिथं मी पहिल्यांदा उभी राहिले होते तिथंच आणून मला उभं केलं. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याचा काटा ढगाच्या चित्रावर आणला. मला सारखी मटार सोलणारी आई दिसत होती. इंजिन समोरून जाणार ते क्षणभर, आणि तेवढ्यात बोट दाबलं गेलं नाही तर मी घरी जाऊन काय सांगणार?

शिटी वाजली. धूर दिसला. इंजिनाला खरंच झेंडूचा हार होता, केळीचे खुंटही बांधले होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला. श्वास धरला. आणि गाडी हळू होऊ लागली.

अजून हळू झाली. आणि आमच्यासमोर येऊन, मोठा सुस्कारा टाकून, थांबली.

बाबा इंजिनातून खाली उतरले. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं. सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावली. इंजिनाच्या पायरीशी पाय जुळवून उभे राहिले, मान ताठ केली आणि समोर पाहू लागले. अगदी भिंतीवरच्या फोटोसारखे.

"बाबा!" मी ओरडले. "गाडी काहून थांबवली?"

"फोटो काढायचा होता नं?" ओठ न हलवता बाबा म्हणाले.

ज्या माणसानं पंगतीत भात उशिरा आला म्हणून आहेर न घेता घर गाठलं, त्यानं दिवसाढवळ्या, वावराच्या मधोमध, भरली गाडी उभी करून ठेवली होती! छोट्या लाईनीवर गाडी थांबायला तसं मोठं कारण लागत नसे. म्हैस आडवी आली, कुणाची म्हातारी चढायची राहिली, एवढं पुरे. पण बाबांनी थांबवावी? मी हसावं की रडावं तेच मला कळेना.

आणि मग गाडी रिकामी झाली. फोटोवाली बाई आली म्हणताच खिडक्यांतून डोकी बाहेर आली, डोक्यांमागून माणसं बाहेर आली. फायरमन बाबांच्या शेजारी पाय जुळवून उभा राहिला. मागच्या डब्यातून गार्ड चालत आला आणि त्यानं खिशातून कंगवा काढला. सावनेरच्या बाजाराला निघालेल्या बाया पदर सारखा करून एका रांगेत बसल्या. एक जण लेकराला पुढं करून म्हणाली, "याचाबी काढ वं माय, याचा एकबी नाही." आता नाही कसं म्हणणार? मी काढत गेले. भाऊजी तर रंगातच आले होते. हातानं इशारे करून ते लोकांना पुढं मागं सरकवत होते, "तुम्ही उंच, मागं व्हा. ताई, पदर. काका, टोपी." तिघांचा फोटो काढू नये म्हणून त्यांनी तिघं मित्र उभे होते तिथं रानातून एका गुराख्याला बोलावून चौथा केला.

सगळे जण हलायचं नाही म्हणून श्वास रोखून उभे. चालत्या गाडीसाठी भांडून आणलेला चारशेचा रोल, आणि त्याच्यासमोर उभी अख्खी पॅसेंजर, पापणीसुद्धा न हलवता!

शेवटी बाबांना वेळेची आठवण झाली. त्यांनी एकदम रुमाल बांधला, वर चढले, आणि शिटी दिली. लोक पळापळ करत चढले. गार्ड मात्र अजून भांगच पाडत होता. त्याचा डबा सगळ्यात मागं. गाडी हलली तसा तो धावत सुटला, एका हातात हिरवी झेंडी आणि दुसऱ्या हातात कंगवा. बाया खिडकीतून ओरडत होत्या, "धाव गा, धाव!" मी कॅमेऱ्यातून पाहिलं. इंजिन अगदी माझ्याजवळून जात होतं. बाबा अर्धे बाहेर वाकून मागं गार्डाकडे पाहत होते. मी बोट दाबलं. त्यानंतर कॅमेऱ्याचा खटका पुढं सरकेना. रोल संपला होता.

सगळा रोल परक्या लोकांवर उडवला म्हणून परतीच्या एसटीत मी भाऊजींशी एक शब्द बोलले नाही. त्यांनी वाटेत घेतलेली संत्री पुढं केली, तीही घेतली नाही.

फोटो धुऊन आले तेव्हा बाबा घरी बसायला लागले होते. सकाळचा चहा चालला होता. भाऊजी पाकीट घेऊन आले, कॅमेरा त्यांच्या गळ्यात होताच. आईनं ओले हात पदराला पुसले आणि खाली बसून एकेक फोटो पाहू लागली.

"हा कोन?"

"गार्ड."

"हे लेकरू?"

"प्रवासी."

"अन् हा गुराखी काहून मधात?"

भाऊजी खोकले. मग बाबांचा तो पाय जुळवलेला फोटो आला. आईनं तो पाहिला, भिंतीकडं पाहिलं, आणि बाजूला ठेवला. रागावली नाही. नुसतं म्हणाली, "छान आला. पण यांना तर मी रोजच पाहते." मला तेव्हा जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. एक गोष्ट मागितली होती तिनं.

ती पुढचे फोटो पटापट सरकवत गेली. शेवटचा हातात आला आणि ती थांबली.

दाणे दिसत होते. कडेला एक पांढरा पट्टा आला होता. हार तर फोटोत नव्हताच. पण बाबा होते. इंजिनातून अर्धे बाहेर वाकलेले, रुमालाचं टोक वाऱ्यावर, तोंडाला काजळी, आणि तोंड उघडं. बाबा हसत होते. साधं नाही, आतल्या दाढा दिसतील असं. माझ्या जन्मात मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

आई फोटो जवळ नेऊन, लांब धरून पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढं हसता तुम्ही तिथं?"

"हं," बाबा म्हणाले.

"म्हणजे मी इथं जीव मुठीत धरून बसत होती, सदऱ्याची भोकं पाहून डोळ्यातून पाणी काढत होती, अन् तुम्ही तिथं मजा करून राहिले होते?"

बाबा चहाच्या बशीकडं पाहू लागले.

"रोज?"

"रोज नाही," बाबा म्हणाले. जरा विचार करून म्हणाले, "बहुतेक."

"मग मले सांगतलं काहून नाही कधी?"

"सांगतलं असतं तर पायाले तेल कोनं लावलं असतं?"

भाऊजींना चहाचा ठसका लागला. मीही हसले. पण आई हसली नाही. तिचा आवाज बदलला.

"मले वाटे, तुम्हाले हसताच येत नाही," ती म्हणाली. "अन् कधी कधी वाटे, येत असन, पण माह्यासंगं येत नाही. माह्यातच काही कमी आहे."

भाऊजींनी कप खाली ठेवला. आणि मग मी बाबांच्या तोंडून घरात पहिल्यांदा एवढं लांब वाक्य ऐकलं.

"तुह्यात काय कमी राहणार आहे? दिवसभर त्या इंजिनचा आवाज कानात राहे. घरी आलो की तुह्या बांगड्याचा आवाज येई, तेवढा ऐकत बसून राहो. हसायचं ध्यानातच नव्हतं येत. बरं वाटे. बस."

आईनं पदर डोळ्याला लावला. मग नाक ओढून म्हणाली, "आता तर रोजच बसायचं आहे इथं. हसा बरं."

"आता?"

"आताच. मले पाहायचं आहे."

बाबांनी प्रयत्न केला. खरंच केला. ओठ ताणले, गाल वर ओढले, आणि डोळे मात्र तसेच्या तसे, भेदरल्यासारखे. ते बघून आईला असं हसू फुटलं की तिच्या हातातले सगळे फोटो खाली सांडले. ती पदर तोंडात कोंबून हसत होती, वाकून वाकून हसत होती, आणि तिच्याकडं पाहता पाहता बाबांचं तोंड हळूहळू उघडलं. मग तेही हसायला लागले, आतल्या दाढा दिसतील तसे.

भाऊजींनी झटकन कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला, आणि तसाच खाली घेतला.

"रोल नाही," ते माझ्या कानात म्हणाले. मी आईकडं पाहिलं. तिचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. ती बाबांकडं पाहत होती.